पोच आणि मौन : ‘एसएमटीपी’च्या संहितेचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

समीक्षा ही ललित वाङ्मयाचीच करावयाची असते, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. कायदे, करारनामे, नियमावल्या, तांत्रिक मानके यांच्याकडे आपण केवळ उपयोगाच्या दृष्टीने पाहतो. संहिता म्हणून त्यांचे वाचन करीत नाही. वस्तुतः ज्या लेखनाच्या आधारे जगभर रोज अब्जावधी पत्रांची ने-आण होते, त्या लेखनातील शब्दयोजना, गृहीतके आणि अंतर्विरोध यांचा परिणाम कोणत्याही ललित कृतीपेक्षा अधिक लोकांच्या जीवनावर होत असतो. एका मेल सर्व्हरने दुसऱ्या मेल सर्व्हरशी कसे बोलावे हे ठरवणारी ‘सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल’ अर्थात एसएमटीपी ही अशीच एक संहिता होय. आरएफसी ८२१ (ऑगस्ट १९८२), आरएफसी २८२१ (एप्रिल २००१) आणि आरएफसी ५३२१ (ऑक्टोबर २००८) अशा तिच्या तीन प्रमुख आवृत्त्या आहेत. प्रस्तुत लेखात या तीन आवृत्त्यांचे चिकित्सक वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

या लेखात पुढील तीन मुद्दे मांडावयाचे आहेत. पहिला असा की, या संहितेचे खरे मोल तिने घालून दिलेल्या एका दंडकात आहे : ज्याने पत्र स्वीकारले त्याने ते पोचवावे, अथवा पोचले नाही असे पाठवणाऱ्यास कळवावे. दुसरा असा की, या दंडकास बाधा आणणारी बीजे संहितेच्या मूळ गृहीतकांतच होती आणि गेल्या दोन दशकांत ती फोफावली आहेत. तिसरा असा की, सर्व्हरांमधील जोडणी बिघडल्यास दोष शोधण्याचे काम हे मुख्यतः वाचनाचे काम असल्यामुळे संहितेतील संदिग्धता आणि व्यवहारातील मौन यांची झळ प्रथम लहान संस्थांना आणि रोमन लिपीबाहेरच्या भाषांना लागते. मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध येतो तो याच ठिकाणी.

संहितेची परंपरा

‘आरएफसी’ या नावाचा मूळ अर्थ ‘अभिप्रायार्थ विनंती’ असा आहे. आज्ञेच्या जागी विनंतीचा सूर घेणारा हा लेखनप्रकार अर्पानेटच्या काळात, संशोधकांच्या लहान वर्तुळात उदयास आला. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरील व्यक्तीस पत्र पाठवण्याची सोय केली आणि व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांमध्ये ‘अ‍ॅट’ हे चिन्ह योजले. पुढील काही वर्षे पत्रव्यवहार हा फाइलींच्या देवाणघेवाणीचाच एक उपप्रकार होता. सप्टेंबर १९८० मध्ये सुझन स्लुइझर आणि जोनाथन पोस्टेल यांनी ‘मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल’ मांडला. त्याचेच सुलभ रूप नोव्हेंबर १९८१ मध्ये आणि स्थिर रूप ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनी प्रसिद्ध केले. त्याच महिन्यात डेव्हिड क्रॉकर यांची आरएफसी ८२२ ही पत्राच्या अंतर्गत रचनेची संहिता आली. म्हणजे लिफाफा कसा असावा हे एका लेखकाने आणि आतील कागद कसा असावा हे दुसऱ्याने ठरवले. ही विभागणी तेव्हा सोयीची होती. तिचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

पोस्टेल यांचे १९९८ मध्ये निधन झाले. २००१ आणि २००८ च्या आवृत्त्या जॉन क्लेन्सिन यांनी संपादित केल्या. या दोन संपादकांच्या लेखनातील फरक लक्षणीय आहे. पोस्टेल यांची संहिता सूत्रमय आहे. आज्ञा, प्रतिसाद आणि उदाहरणे यांपलीकडे ती फारशी जात नाही. क्लेन्सिन यांची संहिता अनुभवाने सावध झालेली आहे. काय करू नये आणि का करू नये, याचे विवेचन तिच्यात वारंवार येते. सूत्र आणि भाष्य यांचे जे नाते आपल्या शास्त्रपरंपरेत आढळते, तसेच काहीसे नाते या आवृत्त्यांमध्ये आहे.

संवादाचा घाट

एसएमटीपीचा घाट हा संवादाचा आहे. पाठवणारा सर्व्हर प्रथम डीएनएसमध्ये पत्त्यातील डोमेनची ‘एमएक्स’ नोंद पाहतो. ही पद्धत जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी विशद केली. नोंदीत सापडलेल्या सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टशी तो जोडणी करतो. बोलण्यास आरंभ मात्र यजमान करतो. ‘२२०’ या अंकाने तो आपले नाव सांगतो. पाहुणा ‘ईएचएलओ’ म्हणून आपले नाव सांगतो. मग यजमान आपल्याकडील सोयींची यादी वाचतो : एवढ्या आकाराचे पत्र चालेल, जोडणी गुप्त करता येईल, अमुक विस्तार उपलब्ध आहेत. त्यानंतर पाहुणा ‘मेल फ्रॉम’ने पाठवणाऱ्याचा आणि ‘आरसीपीटी टू’ने घेणाऱ्याचा पत्ता सांगतो. ‘डेटा’ म्हटल्यावर यजमान ‘३५४’ देऊन ऐकण्याची तयारी दाखवतो. पत्र संपल्याची खूण म्हणून एका ओळीत केवळ एक पूर्णविराम येतो आणि यजमान ‘२५०’ म्हणतो. ‘क्विट’ आणि ‘२२१’ यांनी निरोप होतो.

प्रतिसादाच्या तीन अंकांना स्वतःचे व्याकरण आहे. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ३ असेल तर पुढे बोला, ४ असेल तर तूर्त जमत नाही, ५ असेल तर जमणार नाही. अंकापुढे मजकूर असतो. अंक यंत्रासाठी आणि मजकूर माणसासाठी, अशी स्पष्ट विभागणी पोस्टेल यांनी केली आहे. यंत्रांच्या संभाषणात माणसासाठी जागा राखून ठेवणे ही या संहितेची लोभस बाब होय. या रचनेमुळेच एखादा तंत्रज्ञ टेलनेटसारख्या साध्या साधनाने सर्व्हरशी जोडणी करून स्वतःच्या हाताने हा संवाद करू शकतो आणि तो कोठे अडतो ते पाहू शकतो.

दोषशोधनाची पद्धतही या घाटातूनच निर्माण होते. संवाद कोणत्या वाक्याशी थांबला, हा तिचा पहिला प्रश्न. ‘२२०’च आले नाही तर दोष एमएक्स नोंदीत, फायरवॉलमध्ये किंवा सेवादात्याने बंद केलेल्या २५ क्रमांकाच्या पोर्टमध्ये असण्याचा संभव अधिक. ‘५३०’ आले तर आधी ओळख पटवण्याची वा जोडणी गुप्त करण्याची अट अपुरी राहिली आहे. ‘५३५’ आले तर ओळख पटलेली नाही. ‘आरसीपीटी टू’नंतर ‘५५०’ आले तर यजमानाने त्या पत्त्यास नकार दिला आहे. पत्र रांगेत पडून असेल आणि नोंदीत ‘४’ने सुरू होणारे अंक दिसत असतील, तर तूर्त थांबणे हेच योग्य असते.

येथेच संहितेचा पहिला दोष दिसतो. ‘५५०’ हा अंक अनेकार्थी आहे. असा खातेदार नाही, आहे पण त्याच्यापर्यंत जाण्याची मुभा नाही, किंवा आमच्या धोरणात हे पत्र बसत नाही, हे तीनही अर्थ त्यात सामावतात. पत्त्यातील चूक आणि धोरणात्मक नकार यांवरचे उपाय सर्वस्वी भिन्न असल्याने ही अनेकार्थता केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. १९९६ मध्ये, आणि सुधारून जानेवारी २००३ मध्ये, ग्रेग व्हॉड्रॉय यांनी तीन भागांचे विस्तारित अंक मांडले. ५.१.१ म्हणजे पत्ता चुकीचा, ५.२.२ म्हणजे पेटी भरलेली, ५.७.१ म्हणजे परवानगी नाही. ही दुरुस्ती मूळ संहितेच्या बाहेर, स्वतंत्र लेखनातून झाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

‘२५०’ : जबाबदारीचे हस्तांतर

पूर्णविरामानंतर येणारा ‘२५०’ हा या संहितेचा गाभा होय. तो उच्चारण्यापूर्वी पत्राची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरवर असते. उच्चारताक्षणी ती स्वीकारणाऱ्यावर येते. सर्व्हर कोसळला, साठवणुकीची जागा संपली, अशा सामान्य कारणांनी स्वीकारलेले पत्र हरवता कामा नये, अशी स्पष्ट ताकीद संहितेत आहे. आपल्या कार्यालयीन व्यवहारात आवक-जावक बारनिशीत नोंद होऊन क्रमांक पडला की कागद त्या कार्यालयाचा होतो. त्यानंतर ‘आमच्याकडे आलाच नाही’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. ‘२५०’ ही अशी पोच आहे.

या पोचेभोवती संहितेने जी व्यवस्था उभी केली आहे ती या दृष्टीने वाचली पाहिजे. पूर्णविरामानंतर उत्तराची वाट किमान १० मिनिटे पाहावी, असे ती सांगते. ही मुदत इतकी मोठी असण्याचे कारण असे की, पाठवणाऱ्याने घाईने जोडणी तोडली आणि तेवढ्यात यजमानाने पत्र स्वीकारले असेल, तर पाठवणारा तेच पत्र पुन्हा पाठवतो आणि घेणाऱ्यास दोन प्रती मिळतात. पार्ट्रिज यांनी १९८८ मध्ये या दुबार पत्रांचा स्वतंत्र विचार केला होता. तूर्त नकार आल्यास पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी सर्वसाधारणपणे किमान ३० मिनिटे थांबावे आणि ४ ते ५ दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असेही संहिता सांगते. शेवटी अपयश आलेच तर ते पाठवणाऱ्यास कळवावे. हे अपयशपत्र पाठवताना प्रेषकाची जागा रिकामी ठेवावयाची, कारण अपयशाच्या सूचनेलाच अपयश आले तर सूचनेची सूचना, तिचीही सूचना, अशी अनवस्था ओढवेल. प्रत्येक सर्व्हरने पत्राच्या माथ्यावर आपल्या हातून ते गेल्याची नोंद करावयाची असते. आणि प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ या नावे आलेले पत्र स्वीकारले गेलेच पाहिजे. सर्व यंत्रणा थकली तरी दाद मागण्यासाठी एक माणूस असावा, ही त्यामागील भूमिका आहे.

या सर्व तरतुदींतून एक मूल्य व्यक्त होते. पत्र पोचेलच, असे आश्वासन ही संहिता देत नाही. पत्राचे काय झाले ते पाठवणाऱ्यास कळेल, एवढेच ती सांगते. अपयशापेक्षा अपयशाविषयीचे अज्ञान तिला अधिक गंभीर वाटते.

विश्वासाची गृहीतके

मात्र ही व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे : बोलणारा स्वतःविषयी खरे सांगतो. १९८२ मध्ये जाळ्यातील यंत्रांची संख्या काही शेकड्यांत होती आणि ती चालवणारे लोक एकमेकांस ओळखत होते. त्यामुळे अभिवादनातील नाव आणि ‘मेल फ्रॉम’मधील पत्ता तपासण्याची गरज पोस्टेल यांना भासली नाही. ‘व्हीआरएफवाय’ ही आज्ञा तर अमुक व्यक्ती तुमच्याकडे आहे काय, असे विचारण्यासाठीच होती. पत्ते गोळा करणाऱ्यांनी तिचा गैरवापर केल्यावर बहुतेकांनी ती बंद केली. कोणाचेही पत्र कोणाकडेही पुढे नेण्याचे सौजन्य दाखवणारे सर्व्हर फसव्या जाहिरातींचे वाहक ठरले. २००८ च्या आवृत्तीत एसएमटीपीचा पत्रव्यवहार स्वभावतःच असुरक्षित असल्याची कबुली दिली आहे. ती प्रामाणिक आहे. परंतु तिच्यावरचा उपाय मूळ संहितेत नाही.

उपाय आले ते भाष्यांच्या रूपाने. कोणत्या सर्व्हरना आपल्या डोमेनच्या नावे पत्र पाठवण्याचा अधिकार आहे हे जाहीर करणारी एसपीएफ ही पद्धत २००६ मध्ये प्रायोगिक व २०१४ मध्ये मानक रूपात आली. पत्रावर सांकेतिक स्वाक्षरी करणारी डीकेआयएम २००७ मध्ये आली. या दोहोंचा निकाल आतील कागदावरच्या प्रेषकाशी जोडणारी डीमार्क मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. लिफाफा आणि कागद यांची १९८२ मधील विभागणी येथे अडचणीची ठरली. वाचकाला दिसते ते कागदावरचे नाव. सर्व्हर ऐकतो ते लिफाफ्यावरचे. दोन्ही वेगळी असू शकतात आणि अनेकदा रास्त कारणाने वेगळी असतात. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी कडक डीमार्क धोरण जाहीर करताच जगभरातील सामूहिक पत्रसूचींमधील याहू-सदस्यांची पत्रे नाकारली जाऊ लागली, कारण सूची कागद तोच ठेवून लिफाफा बदलते. प्रामाणिक मध्यस्थ आणि तोतया यांच्यातील फरक या नव्या व्याकरणाला ओळखता आला नाही.

गुप्ततेच्या बाबतीतही असेच घडले. १९९९ मध्ये आलेल्या ‘स्टार्टटीएलएस’ या विस्तारात गुप्ततेची तयारी उघड संवादातच सांगितली जाते. मध्ये बसलेल्या कोणी ती ओळ पुसली, तर ही सोय नाहीच असे समजून पाहुणा उघड बोलत राहतो. ही त्रुटी भरून काढण्यासाठी २०१५ मध्ये डेनवर आधारित आणि सप्टेंबर २०१८ मध्ये एमटीए-एसटीएस ही पद्धत मानक म्हणून आली. सूत्र तेच राहिले आणि भाष्ये वाढली. परिणामी १९८२ मध्ये एका संहितेच्या वाचनाने जोडणी उभी करता येत असे, तेथे आज लहान संस्थेच्या तंत्रज्ञास डझनभर संहितांचा मेळ घालावा लागतो.

पूर्णविरामाचा अर्थ

आपण पाठवताना काटेकोर राहावे आणि स्वीकारताना उदार राहावे, हे पोस्टेल यांचे तत्त्व प्रसिद्ध आहे. १९८० च्या सुमारास अन्य प्रोटोकॉलांच्या संदर्भात मांडलेले हे तत्त्व पत्रव्यवहारातही आदर्श मानले गेले. त्याची मर्यादा एका लहानशा चिन्हाच्या निमित्ताने उघड झाली.

पत्र संपल्याची खूण म्हणजे एकाकी पूर्णविरामाची ओळ. पण ओळ म्हणजे काय? संहितेनुसार ओळीचा अंत दोन नियंत्रण-चिन्हांच्या जोडीने होतो. युनिक्स पद्धतीच्या यंत्रांवर तो एकाच चिन्हाने होत असे आणि औदार्यापोटी काही सर्व्हर तेही चालवून घेत. डिसेंबर २०२३ मध्ये टिमो लाँगिन या सुरक्षा-संशोधकाने या औदार्यातील धोका दाखवून दिला. पाठवणारा सर्व्हर ज्या पूर्णविरामाला मजकुराचा भाग समजतो, त्यालाच स्वीकारणारा सर्व्हर पत्राचा शेवट समजत असेल, तर उरलेला मजकूर नव्या आज्ञा म्हणून वाचला जातो आणि दुसऱ्या कोणाच्या नावाचे बनावट पत्र खऱ्या सर्व्हरच्या विश्वासार्हतेवर आत शिरते. पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम या सर्व प्रचलित प्रणालींना दुरुस्त्या कराव्या लागल्या.

वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, यात संहिता निर्दोष होती. एकाच चिन्हाने संपणारी ओळ स्वीकारण्याची रूढी सोयीपेक्षा गैरसोयच अधिक करते, आणि अधिक उदार होण्याच्या नावाखालीही सर्व्हरने ती पाळू नये, असे २००१ च्या आवृत्तीतच क्लेन्सिन यांनी बजावले होते. व्यवहाराने भाष्यकाराकडे दुर्लक्ष करून जुन्या सूत्राचा सैल अर्थ कायम ठेवला. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९४१३ मध्ये मार्टिन थॉमसन व डेव्हिड स्किनाझी यांनी या औदार्यतत्त्वाचीच चिकित्सा केली आहे. दोष सहन केल्याने तो रुजतो, हा त्यांच्या विवेचनाचा आशय दोषशोधनाच्या अनुभवाशी जुळणारा आहे.

मौनाची रीत

आता मूळ दंडकाकडे वळू. बनावट प्रेषकांचा सुळसुळाट झाल्यावर अपयशपत्रे निरपराध लोकांकडे जाऊ लागली. ज्याने पत्र पाठवलेच नाही त्याच्या पेटीत ‘तुमचे पत्र पोचले नाही’ अशा शेकडो सूचना येऊन पडू लागल्या. म्हणून २००८ च्या आवृत्तीत एक सवलत आली : पत्र फसवे असल्याची अत्यंत खात्री असेल तर ते गुपचूप टाकून देता येईल. त्याच ठिकाणी हेही म्हटले आहे की, ही गोष्ट अतिशय धोक्याची असून पत्र एकतर पोचते किंवा परत येते या दीर्घ परंपरेचा तिच्याने भंग होतो. नियमाला अपवाद देताना लेखकाचा हात अडखळल्याचे येथे जाणवते.

अपवाद मात्र विस्तारत गेला. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी सुचवलेले ‘ग्रेलिस्टिंग’ हे त्याचे एक सौम्य रूप होय. अनोळखी पाहुण्यास प्रथम ‘४’चा, म्हणजे तूर्त जमत नसल्याचा प्रतिसाद द्यावयाचा, खरा सर्व्हर पुन्हा येतो, घाईतला जाहिरातबाज बहुधा येत नाही. युक्ती परिणामकारक होती. पण तिच्यात प्रतिसादाचा अर्थ बदलतो : अडचण नसताना अडचण सांगितली जाते. संहितेच्या शब्दांवर विसंबून दोष शोधणाऱ्याला आता प्रतिसाद सत्य आहे की परीक्षा आहे, हे ओळखावे लागते.

याहून गंभीर प्रकार असा की, यजमान ‘२५०’ म्हणतो आणि नंतर पत्र स्पॅमच्या कप्प्यात ठेवतो अथवा टाकून देतो. पाठवणाऱ्याच्या नोंदीत यश दिसते, घेणाऱ्याच्या पेटीत काहीच दिसत नाही, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. पूर्ण संवाद निर्दोष असल्यामुळे तो वाचून दोष सापडत नाही. निर्णय होतो तो प्रेषकाच्या ‘पती’वरून, आणि ही पत कशी मोजली जाते याचे व्याकरण कोणत्याही आरएफसीत नाही. एखाद्या लहान महाविद्यालयाचे प्रवेशासंबंधीचे पत्र, रुग्णालयाचा तपासणी अहवाल, सहकारी पतपेढीची सूचना अशी नाहीशी झाली तर तिचा शोध घेण्यास जागाच उरत नाही. परिणामी स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या संस्था कंटाळून मोठ्या कंपन्यांच्या आश्रयास जातात. कोणालाही कोणाशी समान पातळीवर बोलू देणारी ही संहिता अशा रीतीने काही मोजक्या यजमानांच्या मर्जीवर अवलंबून राहू लागते.

या यजमानांची बाजूही न्याय्यपणे पाहिली पाहिजे. गूगल व याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर करून फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रेषकांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टी आवश्यक केल्या आणि स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवण्याची अट घातली. गूगलच्या लेखी दिवसाला सुमारे ५००० पत्रांचा प्रेषक हा मोठा प्रेषक होय. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्या डोमेनांना ओळखीच्या तशाच अटी लागू केल्या. या अटी लेखी आणि सर्वांसाठी उघड आहेत. अलिखित पतीपेक्षा त्या निश्चितच श्रेयस्कर होत. नकाराचे कारण सांगितल्यास फसवणाऱ्याला शिकवणी मिळते, हा युक्तिवादही निराधार नाही. परंतु नकार देणे आणि कारण देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कारण न सांगताही संवाद चालू असतानाच, पूर्णविरामानंतर लगेच, ‘५५४’ म्हणता येते. तसे केल्यास अपयश कळवण्याची जबाबदारी प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्या सर्व्हरवरच राहते. स्वीकारून मागाहून अपयशपत्र पाठवल्याने तिऱ्हाइताला जो उपद्रव होतो तो टळतो, आणि प्रामाणिक प्रेषक अंधारात राहत नाही. बाधित पक्ष मोजके असले तरी त्यांचा दावा साधा आहे : नकार असेल तर तो ऐकू यावा.

देवनागरी पत्ता

या संहितेची मूळ वर्णमाला सात बिटांची, म्हणजे इंग्रजीपुरती होती. जून १९९२ मधील ‘माइम’ने मजकुराचा प्रश्न सोडवला. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन ऑक्टेटचे असते. ‘बेस-६४’ मध्ये त्या तीनांची चार रोमन चिन्हे होतात, तर ‘कोटेड-प्रिंटेबल’मध्ये नऊ. मराठी पत्र जाऊ लागले ते अशा वेषांतराने. पत्ता मात्र रोमनच राहिला. फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६५३१ ने ‘एसएमटीपीयूटीएफ-८’ हा विस्तार मानक केला आणि पत्त्यातील नावही कोणत्याही लिपीत लिहिता येऊ लागले. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन खुले झाले. त्याच महिन्यात जीमेलने अशा पत्त्यांशी पत्रव्यवहाराची सोय केली. पोस्टफिक्सच्या फेब्रुवारी २०१५ मधील ३.० आवृत्तीत हा विस्तार आला.

तरीही देवनागरी पत्ता व्यवहारात दुर्मीळ आहे. याचे एक कारण संहितेतच आहे. २००८ च्या प्रायोगिक आवृत्तीत, पुढचा सर्व्हर हा विस्तार जाणत नसेल तर वाटेत पर्यायी रोमन पत्ता वापरण्याची तरतूद होती. ती गुंतागुंतीची ठरल्याने २०१२ मध्ये वगळली गेली. आता वाटेवरील प्रत्येक सर्व्हरने ‘ईएचएलओ’च्या उत्तरात हा विस्तार सांगितला पाहिजे, एकानेही न सांगितल्यास पत्र नाकारले जाते, बहुधा ५.६.७ या अंकाने. मूळ दंडकाच्या कसोटीवर हा निर्णय योग्य आहे : पत्त्याची मोडतोड करण्यापेक्षा स्पष्ट नकार बरा. परंतु त्याचा भार पडतो तो मराठीत पत्ता घेणाऱ्यावर, रोमन पत्ता घेणाऱ्यावर नाही. नावाच्या भागाची ६४ ऑक्टेटची मर्यादाही इंग्रजीच्या मापाने ठरलेली आहे. ‘ज्ञानेश्वर’ या नावाची युनिकोडमधील दहा चिन्हे तीस ऑक्टेट व्यापतात. तेच नाव रोमन लिपीत अकरात बसते.

मराठीपुरता आणखी एक सूक्ष्म प्रश्न आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र संगणकावर एकाहून अधिक रीतींनी लिहिला जातो : स्वतंत्र ‘ऱ’ या चिन्हाने, र व नुक्ता यांच्या जोडीने, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या सामान्यीकरणात एकरूप होतात. तिसरी होत नाही. डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसणारे दोन पत्ते त्यामुळे सर्व्हरच्या लेखी दोन वेगळे खातेदार ठरू शकतात. नावाच्या भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार संहितेने केवळ अंतिम सर्व्हरकडे ठेवला आहे. म्हणून देवनागरी पत्ते देणाऱ्या संस्थेने या तिन्ही रूपांना एकच खाते मानण्याची तरतूद स्वतः केली पाहिजे. हे काम परदेशातील संपादक करणार नाहीत, कारण हा प्रश्न त्यांना दिसतच नाही. तो ज्यांच्या लिपीचा आहे त्यांनीच तो मांडावा लागेल. भाषेचे अभ्यासक आणि संगणकशास्त्राचे अभ्यासक यांनी एकत्र बसून करावयाच्या कामाचे हे एक निश्चित उदाहरण म्हणता येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, एसएमटीपीची संहिता तिच्या मूळ गृहीतकांपेक्षा अधिक काळ टिकली. परस्परविश्वासाचा समाज नाहीसा झाला. त्याच्यासाठी रचलेला संवाद मात्र चालू आहे. प्रेषकाची ओळख पटवण्याबाबत ती दुबळी होती आणि ही उणीव भाष्यांनी काही अंशी भरून काढली. पोचेविषयीचा तिचा दंडक मात्र आजही सबळ आहे, आणि तो पाळणे तांत्रिकदृष्ट्या अवघडही नाही. त्याला तडा गेला आहे तो संहितेने भीत भीत दिलेल्या एका अपवादाला व्यवहाराने नियमाचे स्थान दिल्यामुळे.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात ही संहिता आज्ञांची यादी म्हणून शिकवली जाते. ‘२५०’ म्हणजे ‘ठीक आहे’ असे विद्यार्थी पाठ करतो. त्या अंकाबरोबर कोणती जबाबदारी कोणाकडे गेली, हे त्याला सांगितले जात नाही. सर्व्हर उभारणाऱ्याला आणि त्यातील दोष शोधणाऱ्याला आज्ञांइतकेच या जबाबदारीचे भान असणे आवश्यक आहे. स्वीकारावयाचे नसेल ते पत्र संवाद चालू असतानाच नाकारावे, स्वीकारलेले पत्र गुपचूप टाकू नये, पोस्टमास्टरच्या नावे आलेले पत्र कोणी तरी वाचावे आणि ‘ईएचएलओ’च्या उत्तरात देवनागरी पत्त्यांसाठीचा विस्तार असावा, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक लहान संस्थेला आपल्या सर्व्हरपुरत्या आजही करता येतील. त्यासाठी कोणत्याही मोठ्या यजमानाच्या परवानगीची गरज नाही.